मांजराचं घमेलं आणि आईचा दमा

साशंक : मांजराच्या शी-शूसाठी माती विकत आणायची, तीही कुरिअरने, हे काही माझ्या पचनी पडत नाही, पोरी. आपला चांदूर बाजार तालुका काळ्या मातीचा. पावसाळ्यात वावरातून येताना चपलेला एवढी माती लागते की काठीनं खरडून काढावी लागते. अशा गावात माती विकत? आमच्या घरी मांजरी कायम होत्या. कुटाराच्या ढिगात व्यायच्या, धार काढताना पायाशी घोटाळायच्या, आणि बाकीचं सगळं संत्र्याच्या आळ्यात उरकून, वरून नीट माती ओढून परत यायच्या. त्यांच्यासाठी कुणी घमेलं भरलं नाही की पिशवी फोडली नाही. तू म्हणतेस कॅट लिटर हवं, त्यातही कमी धुळीचं हवं, कारण आईला दमा आहे. तुझ्या आईचा दमा मी रोज पाहतो, त्याबद्दल वाद नाही. पण मग मांजराला दार उघडून दे ना. आधी धूळ घरात आणायची आणि मग ती कमी कशी करायची याचा अभ्यास करत बसायचं, हा उफराटा कारभार वाटतो मला.

आग्रही : काका, त्या मांजरींपैकी म्हाताऱ्या किती झाल्या, तेही आठवून पाहा. तुमच्याच तोंडून ऐकलंय मी. एक कुत्र्यांनी फाडली, एक परतवाडा रोडवर गाडीखाली गेली, एक फवारणी चालू असलेल्या कपाशीतून फिरून आली आणि रात्रभर तोंडाला फेस येऊन पहाटे संपली. मांजर अंग चाटून साफ करतं, त्यामुळे पायाला आणि केसांना जे लागेल ते सगळं त्याच्या पोटात जातं. शिवाय आम्ही आता वाड्यात राहत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली रस्ता. मनीला दार उघडलं तर ती फार तर जिन्यात बसेल, नाहीतर खालच्यांच्या कुंड्या उकरेल. म्हणजे घमेलं ठेवावंच लागतं.

आता धुळीचं सांगते. सकाळी आठच्या सुमाराला आमच्या गॅलरीच्या खिडकीतून कवडसा येतो, तो नेमका घमेल्यावर पडतो. अमरावतीहून आणलेली नवी पिशवी मी ओतली आणि त्या कवडशात करडा लोट उभा राहिला. जाड कण लगेच बसले. बारीक मात्र तरंगत राहिले. मी चहा ठेवला, गाळला, पिऊन परत आले, तरी ते कवडशात फिरतच होते. तेवढ्यात आतून आईचा खोकला सुरू झाला, पंप घ्यावा लागला. मग आठवडाभर मी लक्ष ठेवलं. मनी मांडीवर झोपते तेव्हा आईला काही होत नाही. पिशवी ओतली, घमेलं हलवलं, किंवा मनीनं जोरात उकरलं की खोकला येतो. आणि त्या पिशवीवर ‘99 टक्के धूळमुक्त’ असं ठळक छापलेलं होतं.

साशंक : आठवडा पाहिलं आणि निकाल लावला? सकाळी आठला घरात आणखी काय काय चालतं ते सांग. केर काढणं तेव्हाच, देवापुढे उदबत्ती तेव्हाच, फोडणीचा ठसका तेव्हाच. रात्रभर कॉइल जळालेली असते, तिचा धूर पहाटेपर्यंत खोलीत कोंडलेला. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसलाय. डासांची एक कॉइल जळून जेवढे अतिसूक्ष्म कण हवेत सोडते, तेवढे कण सोडायला 75 ते 137 सिगारेटी जाळाव्या लागतात. बंद खोलीत, उशाशी! त्यात आपल्याकडे दिवाळीच्या आधी सोयाबीनची मळणी, थंडी संपता संपता पऱ्हाट्या आणि तुराट्या पेटवणं, उन्हाळ्यात रस्त्याचा फुफाटा. एवढ्या सगळ्या धुरा-धुळीत तू बोट ठेवतेस ते घमेल्यातल्या मुठीएवढ्या मातीवर. आणि एक सांगू का, राग मानू नकोस. कदाचित तुझ्या आईला मांजराचंच वावडं असेल.

आग्रही : राग कशाला मानू? कॉइल मी बंद केली, मच्छरदाणी लावली. उदबत्ती आईनंच गॅलरीतल्या तुळशीपाशी नेली. खोकला निम्म्यानं कमी झाला, तुमचं तेवढं खरं निघालं. पण निम्मा राहिला, आणि राहिलेला निम्मा घमेल्याच्या वेळेलाच येतो.

आईचं सोडा, मनीचंही ऐका. ती अधूनमधून पोट जमिनीला टेकवून बसते, मान पुढे ताणते आणि घशातून कोरडा आवाज काढत खोकते. आम्हाला वाटायचं पोटात केसांचा गोळा झालाय, आता उलटी होईल. गोळा कधीच पडला नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला आणि सांगितलं की हा मांजरांचा दमा. शंभरात एक ते पाच मांजरांना तो असतो असा अंदाज आहे. माणसासारख्याच श्वासनळ्या आवळतात, आत सूज येते, चिकटा साचतो. औषधही तेच, स्टेरॉइडचं. लहान मुलांना पंप देताना तोंडावर मास्क आणि मध्ये नळकांडं लावतात, तसंच छोटं मांजरांसाठी मिळतं. डॉक्टरांनी एक सोपी खूण शिकवली. मनी गाढ झोपलेली असताना एक मिनिट तिची बरगडी पाहायची. वर-खाली मिळून एक श्वास. 30 च्या आत असले तर ठीक, 40 च्या वर गेले तर वाट पाहायची नाही. आता विचार करा, धूळ उडते तेव्हा माझं नाक जमिनीपासून पाच फुटांवर असतं. मनीचं नाक घमेल्यातच असतं, आणि उकरणारीही तीच.

साशंक : मांजराच्या तोंडाला मास्क लावून पंप, हे मला ठाऊक नव्हतं. बरं, मांजरालाही दमा असतो असं धरून चालू. मग त्या घमेल्यात माती मुळात हवीच कशाला? ही पद्धत आली कुठून?

आग्रही : पद्धत मांजराचीच, काका. झाकायला काहीतरी भुसभुशीत लागतं त्याला. माणसानं फक्त माल बदलत नेला. 1947 साली अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावी, एड लो नावाच्या व्यापाऱ्याकडे शेजारीण वाळू मागायला आली. थंडीनं तिची वाळू गोठली होती, म्हणून ती राख वापरायची आणि मांजराच्या राखाडी पायांचे ठसे घरभर उमटायचे. कारखान्यात सांडलेलं तेल टिपायला लोक एक वाळवलेली माती वापरत, ती लोनं तिला दिली. फुलर्स अर्थ म्हणतात तिला. आपण चेहऱ्याला लावतो ती मुलतानी माती याच जातीची. तिथून हा धंदा सुरू झाला. पुढे 1980 च्या दशकात थॉमस नेल्सन या जीवरसायन शास्त्रज्ञानं बेंटोनाइट वापरून पाहिलं. ते पाणी पिऊन फुगतं आणि ओलं झालं तेवढ्याचाच घट्ट गोळा बनतो. गोळा तेवढा चाळणीच्या पळीनं उचलायचा, बाकीची माती कोरडीच राहते. आज बाजारातल्या बहुतेक पिशव्यांत हेच असतं. आपल्या देशात ते कच्छमध्ये आणि राजस्थानात बाडमेरकडे निघतं. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज आणि आपल्या काळ्या मातीतली चिकण एकाच कुळातली. पाणी लागलं की फुगायचं, वाळलं की आकसून भेगा पडायच्या. मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याचं कारण आणि घमेल्यात गोळा होतो त्याचं कारण एकच.

साशंक : बघ, म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं! कच्छची माती शेकडो कोस आणायची आणि तिची बहीण आपल्या धुऱ्यावर पडलेली. उद्या एक पोतं भरून देतो. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातली दिली तर आणखी बरी, तिथल्या मातीत सोडियम जास्त, ती तर पाणी लागताच चिखल होऊन बसते. तुझं कमी धुळीचं लिटर फुकटात झालं.

आग्रही : कुळ एक म्हणून गुण एक होत नाही, काका. वावरातलं ढेकूळ वाळवून फोडा, अर्धं खडे होईल आणि अर्धं फुफाटा होईल. तो फुफाटा म्हणजेच आईचा आजार. वरून त्यात चुनखडीचे खडे, मुळ्या, अळ्या, फवारलेलं काय काय असतं. कारखाना काही जादू करत नाही. तो वाळवतो, दळतो, चाळतो आणि बारीक भुकटी हवेनं ओढून वेगळी काढतो. दोन पिशव्यांत मातीचा फरक थोडा असतो. चाळणीचा आणि भुकटी ओढण्याचा फरक फार असतो. म्हणून दोन्हींवर ‘बेंटोनाइट’ लिहिलेलं असूनही एकीचा लोट उठतो आणि दुसरीचा उठत नाही.

साशंक : मग माती सोडूनच दे. परतवाड्याला आरा मशिनींवर लाकडाचा भुसा पोत्यानं मिळतो. मेळघाटचं सागवान तिथे पिढ्यान्‌पिढ्या कापलं जातं. लाकूड मऊ, ओल टिपणारं, वासाला बरं.

आग्रही : आरा मशीनवरच्या माणसांना विचारा, काका. सागाच्या भुशानं कातडीला खाज सुटते, कित्येकांची छाती धरते. सुटा भुसा म्हणजे पुन्हा धूळच. लाकूड वापरायचं तर दाबून केलेल्या कांड्या घ्याव्या लागतात, भट्टीत वाळवलेल्या. त्या कमी उडतात. मात्र लघवी लागली की त्यांचा भुगा होतो. तो खाली गाळायला जाळीचं दुहेरी घमेलं लागतं आणि गाळताना थोडं उडतंच. कागदाच्या कांड्या सगळ्यांत सौम्य, ऑपरेशन झालेल्या मांजरालाही त्याच देतात, पण वास धरून ठेवत नाहीत. मी स्वतः अडकले ती टोफूच्या लिटरपाशी. सोयाबीनचं दूध काढल्यावर उरणारा चोथा, त्यात मक्याचं पीठ, गवार गम, सगळं दाबून शेवयांच्या तुकड्यांसारखं करतात. पिशवी ओतली तर कवडशात जवळजवळ काहीच दिसलं नाही. आई शेजारी उभी होती, खोकली नाही. मला वाटलं, सुटले.

साशंक : सोयाबीन? पोरी, मळणीच्या दिवसांत माझ्याकडे येऊन बघ. मशीन सुरू झालं की दुपट्ट्याचे दोन वेढे नाकाला घेतो, तरी रात्री घसा आगीसारखा जळतो. गव्हाला असं होत नाही, तुरीलाही थोडंच. सोयाबीनच्या धुळीत काहीतरी वेगळं आहे हे शिकलेल्या माणसानं सांगायची गरज नाही, माझी छाती सांगते.

आग्रही : तुमची छाती खरं बोलते, काका, आणि हे माझ्या विरुद्ध जातं तरी सांगते. स्पेनमध्ये बार्सिलोना शहरात 1981 ते 1987 या काळात दम्याच्या 26 साथी आल्या. एकाच दिवशी दवाखान्यांत धाप लागलेल्या माणसांची रीघ लागायची, दुसऱ्या दिवशी सगळं शांत. कारण कुणाला कळेना. शेवटी छडा लागला तो बंदरात. ज्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरवून कोठारात भरलं जाई, त्याच दिवशी साथ येई. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. सोयाबीनच्या टरफलांतलं प्रथिन धुळीवर बसून शहरभर जात होतं. गाळणी बसवली आणि साथी थांबल्या. म्हणजे सोयाबीन तेच राहिलं, माणसं तीच राहिली, फक्त धूळ अडवली. मी यातून घेतलं ते एवढंच की माल कुठला यापेक्षा तो हवेत किती उडतो हे आधी पाहावं. पण तुमचाही मुद्दा राहतोच. ज्याला सोयाबीनची धूळ बाधते, त्यानं टोफूचं लिटर डोळे झाकून घेऊ नये. शिवाय आपला पावसाळा. जुलैमध्ये ती पिशवी नीट बांधली नाही तर आठ दिवसांत बुरशीचा वास येतो. दमेकऱ्याला बुरशी धुळीइतकीच वाईट. एक पिशवी मी तशीच फेकून दिली, आणि ती मातीच्या पिशवीपेक्षा महाग होती.

साशंक : आणि ते चकाकणारे खडे विकतात, सिलिकाचे? सिलिका म्हटलं की मला तर दगडखाणीतले मजूर आठवतात. सिलिकोसिस झाला की माणूस चाळिशीत वाळून जातो. ते घरात आणायचं?

आग्रही : इथे मात्र नावानं घोटाळा होतो. खाणीतला मारक सिलिका स्फटिकरूप असतो, क्वार्ट्झ. त्याची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फुप्फुस दगडासारखं होतं, कॅन्सरही होतो. 1997 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेनं तिला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलंय. लिटरमधले खडे म्हणजे सिलिका जेल, स्फटिक नसलेला. नव्या बुटांच्या खोक्यात जी पुडी निघते, तोच. त्यानं सिलिकोसिस होत नाही. उलट ज्या मातीला आपण निर्धास्तपणे माती म्हणतो त्या बेंटोनाइटमध्ये थोडा क्वार्ट्झ मिसळलेला असतोच. घरातल्या चिमूटभर धुळीची आणि खाणीतल्या आठ तासांची बरोबरी मी करणार नाही, ते खोटं होईल. पण नाव ऐकून भ्यायचं आणि नाव ऐकून निश्चिंत व्हायचं, दोन्ही बरोबर नाही.

साशंक : मग नावावर जायचं नाही, मालावर जायचं नाही, तर जायचं कशावर? त्या 99 टक्क्यांवर? मी बाजार समितीत माल विकतो. टक्का कशाचा आणि कुणी मोजला हे विचारल्याशिवाय मी ओलाव्याचा आकडासुद्धा मान्य करत नाही. दहा किलोच्या पिशवीत एक टक्का म्हणजे 100 ग्रॅम. 100 ग्रॅम मैदा बंद खोलीत उधळून बघ, समोरची भिंत दिसणार नाही. म्हणजे 99 टक्के हे खरं असलं तरी तुझ्या आईच्या कामाचं नाही. आणि कवडशाचीही गोष्ट घे. कवडशात दिसतात ते थोडे मोठे कण. छातीत खोल उतरतात ते अडीच मायक्रॉनचे, डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. जे डोळ्यांना दिसत नाही त्याची परीक्षा तू डोळ्यांनी घेतेस.

आग्रही : हे तुम्ही नेमकं धरलंत. पण माझ्याकडे कवडसा आहे, यंत्र नाही. न दिसणारे कण दिसणाऱ्यांच्या संगतीनंच उडतात, त्यामुळे जिथे लोट दिसतो तिथे मी थांबते. जिथे दिसत नाही तिथे डोळ्यांवर न विसंबता आईच्या पंपाची नोंद ठेवते. कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी. पिशवी बदलली ती तारीख आणि पंप जास्तीचा लागला ती तारीख. दोन महिन्यांनी डॉक्टरांना तेच पान दाखवलं. त्यांनी ते पिशवीवरच्या छपाईपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचलं.

साशंक : नोंद ठेवलीस ते उत्तम केलंस. आता मनीचं विचारतो, कारण या सगळ्यात तिला कुणी विचारलेलं नाही. आमच्या मांजरी कडक, खडबडीत जागा सोडून नेमकं आळ्यातल्या भुसभुशीत मातीत जायच्या. तुझ्या त्या शेवया तिला चालल्या?

आग्रही : नाही चालल्या. तीन दिवस ती घमेल्याच्या काठावर उभी राहून आत बघायची आणि बाहेर पायपुसण्यावर करायची. आता मला कळतंय की अडचण इथेच आहे. मांजराला बारीक, रेतीसारखं, वास नसलेलं आवडतं. बारीक दाणा म्हणजे धुळीला जवळ. छातीला हवा जाड दाणा, पंजाला हवा बारीक. सुगंधी लिटर तर दोघींनाही वाईट. मनी त्यापासून दूर पळते आणि आईचं नाक चोंदतं. शेवटी मी दोन घमेली ठेवली, एकात जुनं, एकात नवं, आणि जुन्यात नव्याची मूठ-मूठ मिसळत गेले. तिसऱ्या आठवड्यात ती टोफूत एकदा गेली. मग पुन्हा नाही. सध्या आमच्याकडे जाडसर दाण्याचं, बिनवासाचं, नीट चाळलेलं बेंटोनाइट आहे. माझा पहिला आग्रह हा नव्हता.

साशंक : आणि झाकणाचं घमेलं? मी एकदा टीव्हीवर पाहिलं, छोट्या घरासारखं. धूळ आतच राहील.

आग्रही : आईसाठी बरं, मनीसाठी गॅस चेंबर. धूळही आत आणि लघवीचा अमोनियाही आत, आणि दमा असलेलं जनावर त्यातच तोंड घालून उकरतंय. अमोनियानं डोळे चुरचुरतात तसा तो श्वासनळीलाही बोचतो. कमी धुळीची महागाची पिशवी आणून चार-चार दिवस गोळे न काढणं यापेक्षा साधं लिटर रोज साफ करणं बरं, हे मी आता खात्रीनं सांगते.

साशंक : रोज साफ करायचं तर कसं करायचं ते आपल्या बायकांकडून शिक. माझी आई अंगण झाडण्याआधी सडा टाकायची. कोरडं अंगण तिनं कधी झाडलं नाही. खळ्यात उपणायला उभं राहिलं की वाऱ्याकडे पाठ करायची आणि टोपलं हळूहळू हलवायचं, हे मला बापानं शिकवलं. आपण शेंडगावच्या गाडगेबाबांच्या जिल्ह्यातली माणसं, खराटा हातात धरायला लाजत नाही. पण दमेकऱ्याच्या खोलीत कोरडा खराटा फिरवणं म्हणजे बसलेली धूळ पुन्हा उठवणं. हे सगळं लिटरच्या जाहिरातीत कुणी सांगितलं का तुला?

आग्रही : नाही सांगितलं. आणि लिटरवर सडा टाकता येत नाही, लगेच गोळा होतो. म्हणून मी जमीन ओल्या फडक्यानं पुसते. पिशवी गॅलरीत, घमेल्याच्या तळाला तोंड टेकवून हळू सरकवते, उंचावरून ओतत नाही. मी मास्क लावते. ओतून झाल्यावर अर्धा तास दार बंद.

साशंक : मग एक विचारतो, आणि हे मनातलं बोलतोय. 2017 साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले. कित्येकांच्या तोंडाला साधं फडकं होतं. बाजार समितीत हमाल दिवसभर सोयाबीनच्या धुळीत उभा असतो. आणि आपण दोघं इतका वेळ मांजराच्या मातीतल्या एका टक्क्यावर बोलतोय. मला लाज वाटते थोडी. तुझं ते नीट चाळलेलं बेंटोनाइट घे. त्यातून जी भुकटी ओढून काढली, ती कुणाच्या अंगावर उडाली? कच्छमध्ये नाहीतर बाडमेरला चाळणीपाशी कुणीतरी उभा असेलच. तुझ्या खोलीतली धूळ कमी झाली, पण ती नाहीशी झाली नाही. ती त्याच्याकडे राहिली.

आग्रही : याला माझ्याकडे उत्तर नाही, काका. एवढंच सांगते की आईचा खोकला ऐकूनच मला हमालाचा खोकला ऐकू यायला लागला. आधी तो बाजाराचा आवाज वाटायचा. गेल्या हंगामात बाबांनी मळणीवाल्या पोरांना मास्क दिले, ते मी आणलेल्या खोक्यातले. पण त्यानं चाळणीपाशी उभ्या असलेल्या माणसाचं काही भलं होत नाही, हे मला दिसतंय. पिशवीवर धूळमुक्त छापणाऱ्यांनी कारखान्यातल्या धुळीचंही छापावं, असं मी म्हणेन. सध्या मी फक्त कमी वापरते. गोळा तेवढा काढते, अख्खं घमेलं दर आठवड्याला ओतून देत नाही.

साशंक : आणि वावड्याचं? ते अजून राहिलंच. मांजराच्या लाळेत आणि कातडीत जे प्रथिन असतं, ते धुळीवर बसून घरभर फिरतं. आईला तेच बाधत असेल तर कोणतंही लिटर तिला वाचवणार नाही. मनीला दिली दुसरीकडे तरी ते घरातून जायला चार-सहा महिने लागतात म्हणे.

आग्रही : तपासणी पुढच्या महिन्यात आहे. आईनं आधीच सांगून ठेवलंय की वावडं निघालं तरी मनी जाणार नाही. मी म्हणते, निघालं तर मनी तिच्या खोलीत झोपणार नाही. यावर आमचं रोज वाजतं. तुम्ही काय म्हणाल?

साशंक : मी मघाशी म्हणत होतो दार उघडून दे. आता तसं म्हणवत नाही, आणि ठेव असंही छातीठोक सांगवत नाही. रिपोर्ट येऊ दे, आईचा आणि मनीचा दोघींचा श्वास मोजून ठेव, मग पुन्हा बोलू. तोवर एक कर. नवी पिशवी फोडायची असेल त्या सकाळी आईला आधी खाली आमच्याकडे पाठव. तिचा चहा आमच्याकडे. तू धूळ बसली म्हणून हाक मारशील तेव्हाच तिला वर सोडीन.